सात बिया, एक सेस आणि आपला कापूस: कॉफीचा इतिहास संशोधकासारखा कसा वाचायचा



पेटची, नेट-सेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिससाठी विषय शोधणारे बरेच जण एक प्रश्न विचारतात: 'साधनांची चिकित्सा' म्हणजे नक्की करायचं काय? पुस्तकात व्याख्या मिळते, पण हातात घेऊन करून बघायला उदाहरण मिळत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि पायरी-पायरीने तपासू. उदाहरण आहे कॉफीचं.

तुम्ही म्हणाल, महागावात बसून कॉफीचा काय संबंध? आपला तालुका कापूस, सोयाबीन, तुरीचा. पूस नदीच्या पट्ट्यात ऊस. अरेबिका जातीच्या कॉफीला साधारण १५ ते २५ अंश तापमान, डोंगराची उंची आणि मोठ्या झाडांची सावली लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. टपरीवर कॉफी मागितली तर दुकानदार छोटी पुडी फाडून गरम दुधात टाकतो, आणि तीही पाहुणा आला तरच. बाकी दिवसभर चहा.

पण सरावासाठी हेच सोयीचं आहे. ज्या गोष्टीशी आपला अभिमान जोडलेला नाही, तिच्या कथा थंड डोक्याने तपासता येतात. आणि शेवटपर्यंत वाचलंत तर दिसेल की ही वाट फिरून आपल्या कापसापर्यंत येते.

पायरी १: गोष्ट पहिल्यांदा कधी लिहिली गेली?

कॉफीचा इतिहास शोधायला गेलं की पहिल्यांदा शेळ्या भेटतात. इथिओपियातला काल्दी नावाचा गुराखी, त्याच्या शेळ्यांनी लाल फळं खाल्ली आणि त्या नाचायला लागल्या, मग त्याने ती फळं मठात नेली, वगैरे. गोष्ट छान आहे. पण संशोधकाने तिला विचारायचा पहिला प्रश्न असा: तू कागदावर कधी आलीस?

ही शेळ्यांची गोष्ट लेखी स्वरूपात आपल्याला भेटते ती १६७१ मध्ये, रोमला छापलेल्या एका लॅटिन पुस्तिकेत. लेखक होते फाउस्टस नायरॉन, तिथे शिकवणारे मॅरोनाइट विद्वान. आता याच्या शेजारी दुसरं साधन ठेवा. अब्दुल कादिर अल-जझिरी या लेखकाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबीमध्ये कॉफीवर एक ग्रंथ लिहिला. कॉफी धर्माला मान्य आहे की नाही, या वादातला तो ग्रंथ. त्यात जुन्या लोकांच्या साक्षी दिल्या आहेत आणि त्यांवरून दिसतं की पंधराव्या शतकाच्या मध्याला येमेनमधले सूफी रात्रीच्या जपासाठी जागं राहायला कॉफी पीत होते. म्हणजे कॉफी पिण्याचा पुरावा आधीचा, आणि शेळ्यांची गोष्ट त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, तीही दुसऱ्या खंडात, दुसऱ्या भाषेत.

यावरून शेळ्यांची गोष्ट 'खोटी' ठरते का? नाही. ती पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढंच ठरतं. हा फरक लक्षात ठेवा. तोंडी परीक्षेत इथेच गुण जातात.

वादाची साधनं कथेपेक्षा जास्त उपयोगी का असतात, तेही बघा. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली. साधारण १५५५ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं सुरू झाली, असं पेचेवी हा तुर्की इतिहासकार सांगतो. लंडनमध्ये १६५२ ला पहिलं कॉफी हाऊस आलं आणि डिसेंबर १६७५ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने सगळी कॉफी हाऊसं बंद करण्याचा हुकूम काढला. लोक एवढे ओरडले की जानेवारीत, म्हणजे दहा-बारा दिवसांत, तो मागे घ्यावा लागला. प्रत्येक ठिकाणी सत्तेची भीती जवळपास एकच दिसते: लोक एकत्र बसतात, शुद्धीत असतात आणि राज्यकारभारावर बोलतात. जिथे बंदी येते तिथे हुकूम निघतो, फतवा निघतो, तक्रार होते, म्हणजेच कागद तयार होतो. निवांतपणे कॉफी पिणाऱ्या माणसाचा कागद कोणी करत नाही. म्हणून इतिहासात भांडणं जास्त दिसतात आणि रोजचं जगणं कमी. साधनं वाचताना हा झुकाव मनात धरूनच वाचायचं.

पायरी २: पिणं वेगळं, पिकवणं वेगळं

आता भारताकडे या. इथली प्रसिद्ध कथा बाबा बुडन यांची. हज करून येताना या सूफी संतांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. काळ साधारण १६७० सांगितला जातो. त्या डोंगररांगेचं नावच आज बाबा बुडनगिरी आहे.

बऱ्याच लेखांत यावरून थेट लिहिलेलं असतं की 'भारतात कॉफी १६७० मध्ये आली'. इथे थांबा. एडवर्ड टेरी नावाचा इंग्रज पाद्री सर थॉमस रो यांच्या वकिलातीबरोबर १६१६ ते १६१९ या काळात भारतात होता. मांडू आणि अहमदाबादला जहांगीर बादशहाच्या छावणीजवळ तो राहिला. त्याच्या प्रवासवर्णनात नोंद आहे की इथले धर्माचे कडक पाळणारे लोक दारू पीत नाहीत, पण एका काळ्या बीपासून पाण्यात उकळून केलेलं 'कॉफी' नावाचं पेय पितात. म्हणजे सात बियांच्या कथेच्या पन्नास वर्षं आधी कॉफी इथे प्यायली जात होती.

मग कथा आणि टेरी यांच्यात विरोध आहे का? अजिबात नाही. टेरी पिण्याबद्दल बोलतो, कथा पिकवण्याबद्दल बोलते. सुरतेचे व्यापारी मोखाला गुजरातचं सुती कापड न्यायचे आणि येताना चांदी व कॉफी आणायचे. वाळवलेली, भाजलेली बी पेयासाठी येते, लागवडीसाठी नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की खोटा वाद तयार होतो. तुमच्या विषयातही बघा, 'आगमन' हा शब्द कुठे कुठे असा सैल वापरला आहे.

पायरी ३: जनुकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

मी विज्ञानाच्या बाजूने आलेला माणूस, त्यामुळे हा भाग मला जवळचा. कॉफीच्या बहुतेक प्रजातींमध्ये २२ गुणसूत्रं असतात, अरेबिकात मात्र ४४. कारण अरेबिका ही कॅनेफोरा (आपण जिला रोबस्टा म्हणतो ती) आणि युजेनिऑइडिस या दोन प्रजातींच्या नैसर्गिक संकरातून तयार झाली. २०२४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात आलेल्या जनुकसंच-अभ्यासात या संकराचा काळ सुमारे ६ लाख १० हजार वर्षांपूर्वीचा काढला आहे. अरेबिकात जनुकीय विविधता फार कमी आहे, हे याआधीच्या अभ्यासांतही दिसलं होतं.

आता मोह होतो तो असा: 'बघा, विविधता कमी आहे, म्हणजे सातच बिया आल्या असणार, कथा सिद्ध झाली!' हा सगळ्यात सामान्य तर्कदोष आहे. विविधता कमी असण्याची कारणं एकामागोमाग एक आहेत. मूळ संकर मोजक्या झाडांतून झाला. झाड स्वतःच्याच परागाने फळतं. इथिओपियातून येमेनला थोडंच बी गेलं. भारताच्या मलबार किनाऱ्यावरून डचांनी १६९६ आणि १६९९ ला जावा बेटावर रोपं नेली. तिथून १७०६ मध्ये एक झाड ॲमस्टरडॅमच्या बागेत गेलं आणि त्याची संतती पुढे अमेरिका खंडात पसरली. एवढ्या अरुंद दारांतून गेलेल्या पिकात विविधता कमीच मिळणार, बिया सात असोत की सत्तर. म्हणून प्रबंधात लिहायचं ते 'पुरावा कथेशी विसंगत नाही' एवढंच. 'पुरावा कथेला सिद्ध करतो' असं लिहायचं नाही.

या अरुंदपणाची किंमत मोजावी लागली ती सिलोनला. १८६९ मध्ये तिथे पानांवर नारिंगी भुकटी टाकणारा तांबेरा दिसला. हेमिलिया व्हास्टाट्रिक्स ही ती बुरशी. पुढच्या वीस वर्षांत सिलोनची कॉफी जवळजवळ संपली आणि मळेवाले चहाकडे वळले. भारतातही हा रोग पसरला. कर्नाटकात बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये कॉफीचं संशोधन केंद्र सुरू झालं, त्यामागे रोगाला टिकणारं वाण शोधण्याची गरज होती. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ४: 'आपली परंपरा' कोणी तयार केली?

आता महागावच्या टपरीवर परत बघू. आपण चहाच का पितो? 'पूर्वीपासून पितो' हे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला चालत नाही.

१९०३ मध्ये चहा सेसचा कायदा झाला. निर्यात होणाऱ्या चहावर छोटा कर लावायचा आणि त्या पैशातून प्रचार करायचा, अशी व्यवस्था. सुरुवातीला हा पैसा मुख्यतः परदेशी बाजारासाठी गेला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत चहा उरायला लागला, तेव्हा मोर्चा जोरात देशाकडे वळला. चहा कसा करायचा याची प्रात्यक्षिकं, फुकट कप, रेल्वे स्टेशनवर आणि कारखान्यांत चहा, देशी भाषांत फलक. याच दशकात पान चिरडून त्याचे दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं आणि स्वातंत्र्यानंतर त्याचा मोठा प्रसार झाला. कमी पावडरीत कडक रंग, भरपूर दूध-साखर, म्हणजे स्वस्त कप. आज आपल्याला जुनी वाटणारी सवय अशी बनली. गांधीजींनी १९४२ नंतर आगाखान पॅलेसमधल्या कैदेत आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहा, कॉफी आणि कोको यांच्यावर वेगळं प्रकरण आहे आणि यातलं काहीही शरीराला गरजेचं नाही, असं त्यांचं मत आहे. प्रकरण लिहावंसं वाटावं इतकी ही पेयं तोवर घरात शिरली होती.

कॉफीवाल्यांनी हाच मार्ग थोडा उशिरा धरला. १९३५ ला कॉफी सेसचा कायदा झाला आणि १९३६ मध्ये सेस समितीने पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. कुठे? बंगळुरूला नाही, मद्रासला नाही, तर मुंबईत, चर्चगेटला. जिथे लोक आधीच पितात तिथे प्रचार करून उपयोग नसतो, हे लक्षात घेतलं की निवड समजते. आपण कॉफी हाऊस म्हटलं की कवी, विद्यार्थी, राजकारण आठवतो. ते खरंही आहे. पण जन्म मात्र उरलेला माल खपवण्याच्या योजनेतून झाला आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपचा बाजार तुटला. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सगळ्या मळेवाल्यांचा माल एकत्र गोळा करून विकण्याचा अधिकार आला. १९५० च्या दशकात बोर्डाने कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळुरूला. नागपूरला सदरमधल्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये तुम्ही डोसा खाल्ला असेल, तर तुम्ही या सहकारी चळवळीच्या एका फांदीवर बसून खाल्ला आहे.

मुंबईचीच आणखी एक कडी. पेस्तनजी एडलजी या पारशी मुलाने १८८८ मध्ये मुंबईत कॉफी दळून विकायचं छोटं दुकान टाकलं. 'पॉली' या टोपणनावावरून 'पोल्सन' हा इंग्रजी वाटणारा ब्रँड झाला. कॉफीत चिकोरी मिसळून तो 'फ्रेंच कॉफी' म्हणून विकायचा. लष्कराला कॉफी पुरवता पुरवता लोणी पुरवायची संधी मिळाली आणि पोल्सन खेडा जिल्ह्यात पोचला. तिथल्या दूध उत्पादकांनी दराच्या प्रश्नावर १९४६ मध्ये संप केला, आणि त्यातून उभा राहिलेला संघ म्हणजे पुढचं अमूल. कॉफीचा धागा ओढला तर दुधाचा इतिहास हातात येतो, तो असा.

मराठी घरांनी मात्र कॉफीला आपल्या पद्धतीने बसवलं. माटुंग्याच्या उडपी हॉटेलात डिकॉक्शन, आणि मराठी स्वयंपाकघरात दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली गोड कॉफी. जायफळ आपण बासुंदीत, श्रीखंडात, पुरणात घालतो. म्हणजे कॉफी इथे पेय म्हणून कमी आणि गोड दुधाचा एक प्रकार म्हणून जास्त आली. हे कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही. त्यासाठी जुनी पाककृतींची पुस्तकं आणि आजीच्या मुलाखती लागतील.

पायरी ५: भाव कोण ठरवतो?

१९२९ च्या मंदीत ब्राझीलकडे एवढी कॉफी साठली की १९३१ ते १९४४ या काळात तिथल्या सरकारने सुमारे ७ कोटी ८० लाख पोती जाळून किंवा समुद्रात टाकून नष्ट केली. एक पोतं ६० किलोचं. त्याच साठ्याचं काय करायचं या प्रश्नातून नेसकॅफेचं संशोधन सुरू झालं आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडला ती बाजारात आली. टपरीवरची ती छोटी पुडी म्हणजे एका अतिरिक्त उत्पादनाच्या संकटाची नात आहे.

१९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला, देशांना निर्यातीचे कोटे मिळाले. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धत मोडली आणि काही महिन्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात १९९० च्या दशकात कॉफी बोर्डाची एकत्रित खरेदी टप्प्याटप्प्याने उठली. १९९४ च्या ब्राझीलमधल्या थंडीने भाव चढले, मळेवाले खूश झाले. मग व्हिएतनामचं उत्पादन वाढलं आणि २००१ च्या सुमारास भाव तळाला गेले. केरळच्या वायनाड जिल्ह्यात कॉफी आणि मिरी पिकवणारे छोटे शेतकरी कर्जात बुडाले आणि आत्महत्या झाल्या.

आता ही गोष्ट ओळखीची वाटायला लागली असेल. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. तीन दशकांनी ती मक्तेदारीही संपली. आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने आत्महत्याग्रस्त म्हणून चार राज्यांतल्या ज्या ३१ जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्या यादीत यवतमाळही आहे आणि वायनाडही.

एका यादीत नाव आलं म्हणून कारण एकच, असं मात्र म्हणू नका. वायनाडात मिरीच्या वेलीचा रोग होता, आपल्याकडे कोरडवाहू जमीन आणि सावकारी कर्ज. एक बारमाही झाड, एक हंगामी पीक. कॉफीचा भाव पडला म्हणून झाड उपटून पुढच्या वर्षी दुसरं काही लावता येत नाही, कपाशीचं तसं नाही. पण तुलना करण्याजोगा प्रश्न इथे नक्की आहे: सरकारने एकत्र खरेदी करण्याची व्यवस्था उठल्यावर जागतिक भावाचा धक्का छोट्या शेतकऱ्यापर्यंत किती लवकर पोचतो? हा अर्थशास्त्राचा, इतिहासाचा आणि कृषिविज्ञानाचा सामाईक प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने तो विचारणं याला वजन आहे, कारण त्याच्याकडे यातली अर्धी बाजू घरचीच आहे.

तुमच्यासाठी काम: चिखलदरा

वाचून सोडून देऊ नका, करून बघा. आपल्याच अमरावती विभागात, मेळघाटात, सुमारे ११०० मीटर उंचीवरचं चिखलदरा हे महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. 'चिखलदऱ्याला कॉफी कशी रुजली?' असा प्रश्न घ्या आणि वरच्या पायऱ्या लावा.

१. या विषयावरचं प्रत्येक विधान पहिल्यांदा कुठे आणि कधी छापलं गेलं, ते मागे मागे जात शोधा. पर्यटनाच्या माहितीपत्रकावर थांबू नका.

२. लायल यांनी संपादित केलेलं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर आणि १९११ चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर शेजारी ठेवून वाचा. काय बदललं, काय गळलं, ते तक्त्यात मांडा. लक्षात ठेवा, गॅझेटियर हे महसूल गोळा करणाऱ्याच्या नजरेने लिहिलेलं असतं.

३. त्या डोंगरात पिढ्यानपिढ्या राहणारे कोरकू लोक या नोंदींत कुठे आहेत? मजूर म्हणून, जंगलाचे 'अतिक्रमक' म्हणून, की नाहीतच? जे कागदात नाही ते मुलाखतीत विचारा, कोरकू भाषा येणारा सहकारी बरोबर घेऊन.

४. झाडं कोणत्या वाणाची आहेत, हे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. वाणाचं नाव कळलं की ती लागवड कोणत्या काळानंतरची असू शकते याची एक मर्यादा मिळते. उदाहरणार्थ, बाळेहोन्नूरचं एस. ७९५ हे वाण १९४० च्या दशकातलं. ते सापडलं, तर निदान ते झाड इंग्रज कप्तानाने १८२३ ला लावलेलं नाही, एवढं खात्रीने म्हणता येईल.

५. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'कॉफी', 'काफी', 'कहवा', 'बुंद' हे शब्द स्वतः काढून बघा. १८३१ ची आणि १८५७ ची आवृत्ती, दोन्ही. कोश हेही ऐतिहासिक साधन आहे, आणि ते फुकट उपलब्ध आहे.

या पाच कामांना मिळून साधारण एक सत्र पुरतं. गाईडसमोर जाताना तुमच्याकडे 'कॉफीचा इतिहास' असा ढगाएवढा विषय नसेल. एक ठिकाण असेल, एक प्रश्न असेल आणि त्याच्यासाठी चार प्रकारची साधनं असतील: छापील, तोंडी, भाषिक आणि वनस्पतीची. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर तेवढंच लागतं. आणि कॉफी नकोच असेल तर हेच प्रश्न कापसाला, सोयाबीनला किंवा तुमच्या गावच्या आठवडी बाजाराला लावा. सोयाबीन तर आपल्या शिवारात आलं ते आपल्या आजोबांच्या डोळ्यांसमोर. त्यांना विचारून घ्या, आणि तारीख घालून लिहून ठेवा.